दादा, उघडलं का?

काम पुरं झालं की माझ्या वरिष्ठ आक्का आधी मालकांना नव्हे, आपल्या वडिलांना, दादांना फोन लावायच्या. "दादा, उघडलं का?" नागापूरच्या आमच्या चार टेबलांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात या प्रश्नावर सगळे हसायचे. मीही हसायचे. दादा राजूरच्या वर डोंगरातल्या वाडीत राहायचे. त्यांच्या जुन्या मोबाईलवर आम्ही बनवलेलं वेबपान उघडलं, तरच आक्कांच्या लेखी काम झालं.

बंडल बांधायला मला त्यांनीच शिकवलं. ऑफिसच्या सर्व्हरवर चालणारी मॉड्यूलं, म्हणजे कोडचे तयार तुकडे, निवडायची आणि लोकांच्या मोबाईलमधल्या ब्राउझरात चालतील अशी एका फाइलीत बांधायची. मी हावरटासारखी सगळीच घ्यायचे. "लेकीची पाठवणी करतीस व्हय? लागंल तेवढंच घे. आन् सर्व्हरवरचं समदं ब्राउझरात चालत न्हाई. इथं घर हाय, तिकडं तू पाव्हणी," त्या म्हणायच्या.

राजूरच्या एका दवाखान्याचं पान माझ्याकडे होतं. आज डॉक्टर आहेत की नाहीत, एवढंच त्यावर दिसायचं. एकदा मी त्याचं नवं बंडल बांधलं आणि नेमका दादांचा फोन लागेना. "ब्राउझरात बघितलंस ना?" आक्कांनी विचारलं. मी बेधडक हो म्हणाले, आणि आक्कांनी ते लोकांसाठी सोडलं. बघितलं होतं फक्त सर्व्हरवर. त्यात सर्व्हरच्या डिस्कवरची फाइल वाचणारं एक मॉड्यूल होतं, आणि ब्राउझरला ती डिस्क कुठून सापडणार? पान पांढरंफटक. दुसऱ्या दिवशी, डॉक्टर नाहीत हे न कळल्याने, दुखरे गुडघे घेऊन दादाच डोंगर उतरले आणि बंद दवाखान्यावरून परत गेले.

मालक तापले. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. आक्का शांतपणे म्हणाल्या, "बांधलं तिनं, पर सोडलं मी. चूक माझी." बाहेर आल्यावर मला फक्त एवढंच म्हणाल्या, "खोटं बोलू नगस गं. तिकडं मानसं चालत येत्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे दादा अंथरुणाला खिळले आणि आक्का नोकरी सोडून गावी गेल्या. मग मीच त्यांना फोन करू लागले, "दादांना विचारा ना, उघडलं का?" दादा गेले तेव्हा मात्र मला ते विचारवेना. पुढचं बंडल मी माझ्याच मोबाईलवर बघितलं आणि लोकांसाठी सोडलं.

तासाभरात आक्कांचा फोन. "पान बदललंस, आन् इचारलं न्हाईस?"

"दादा नाहीत ना आता," मी म्हणाले.

"दादांचा मोबाईल हाय की. तुझ्यासाठी चार्ज करून ठेवते रोज." मग म्हणाल्या, "उघडलं गं."