मालनबाईंच्या गाठीचे पेढे

दुपारचं जेवण अंगावर आलंय. प्रयोगशाळेतलं यंत्र घरघरतंय. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावत मी टेबलावर डोकं टेकवते. डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या स्टुलावर मालनबाई येऊन बसतात. त्या दिवाळीआधीच वारल्या. त्यांच्या स्तनातली गाठ आमच्या फ्रीजरमध्ये आहे.

"पेढे वाटले म्हनं सकाळी?"

वाटले खरे. एका जनुकाजवळची खूण धरून, गाठीत त्याच्या प्रती किती वाढल्यात ते आम्ही पाहतो. काचेवर उमटणारी पट्टी जितकी जाड, तितक्या प्रती जास्त. मालनबाईंची इतकी जाड आली, की आमचा अंदाज खरा ठरला म्हणून सगळी प्रयोगशाळा टाळ्या पिटत उठली. मी तर दोनदा पेढा घेतला. आता मान वर करवत नाही.

"बघू तरी, कशानं मेले मी."

मी पट्ट्यांची काच पुढे करते. ती हातात जड होत जाते, तिचं जातं होतं, आणि आम्ही दोघी बार्शीला त्यांच्या सोप्यात बसून लग्नाची हळद दळतोय. आत गाणी नाहीत, नुसती कुजबुज.

"माजी लेक रोहिणी लग्नाला नगं म्हनती," मालनबाई सांगतात. "आईचं माझ्यात उतरलं असंल, म्होरं लेकरांत उतरंल, असं धरून बसलीया. तुमाला फोन केलता न्हवं?"

केला होता, आजच. 'बघू, कळवते' म्हणून मी ठेवून दिला. पेढे यायचे होते.

"जाड पट्टीशेजारची ही बारकी कुनाची?"

"तुमचीच. रक्तातली. तिथं सगळ्यांसारख्या दोनच प्रती आहेत. ही वाढ गाठीतच झाली, मालनबाई. ही लेकीकडे जात नाही."

"येवढं ठावं हाय, तर गप का बसला?"

"संशोधनातलं घरच्यांना सांगायचं नाही, असा नियम आहे," मी पुटपुटते. त्या हळदीच्या हातानं माझं मनगट धरतात.

मी जागी होते. यंत्र थांबलंय. पांढऱ्या कोटाच्या बाहीवर चार बोटं उमटलीत, पिवळीधमक. नाकाशी नेते. हळदच आहे.

मी तशीच रोहिणीला फोन लावते. सगळं सांगते, बाकीच्या तपासण्या करून घे, पण ही भीती सोड, म्हणते. ती रडते, बराच वेळ. मग विचारते, "मॅडम, हे कधी कळलं तुम्हाला?"

"तुझा फोन आला, त्याच्या आधी," मी म्हणते.