विनंती थांबा, मिर्फा

१९९५ साली मी वाशिम सोडलं, तेव्हा मला अकोल्यापर्यंत नेणारी एसटी माझे बाबाच चालवत होते. त्यांनी मुद्दाम ड्यूटी बदलून घेतली होती. आई माझ्या शेजारी बसून सारखी सांगत होती, "तिथं गप्प गप्प राहू नको, चार माणसं जोड." मालेगाव गेलं, पातूरचा घाट गेला. बाबांनी एकदाही मागं पाहिलं नाही. ड्रायव्हरनं मागं बघायचं नसतं हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी आरशात त्यांचे डोळे शोधत राहिले. अकोल्याच्या स्टँडवर माझं सामान उतरवून ते एवढंच म्हणाले, "पोचली की सांग." आणि परतीची गाडी लावायला निघून गेले.

मी पोचले, फोन करून सांगितलंही. पुढं दुबईत, बर दुबई भागातल्या एका फ्लॅटमध्ये अनिलबरोबर माझा संसार सुरू झाला. मीना बाजारमध्ये साडीला फॉल लावून मिळायचा, खाली ग्रोसरीत कढीपत्ता फुकट मिळायचा. वर्षभरात माझ्या बोलण्यात 'खलास', 'यल्ला' असे अरबी शब्द कधी शिरले ते कळलं नाही. मग मुक्ता झाली. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची. आईच्या सांगण्याप्रमाणे मी माणसं जोडली. तीनदा नापास होऊन ड्रायव्हिंग लायसनसुद्धा मिळवलं. वाशिमला फोनवर मी ते सांगितलं तेव्हा आई हसली होती. बाबांनी विचारलं होतं, "रिव्हर्स जमते का?"

२००१च्या दिवाळीआधी आई गेली. बाबा तोवर रिटायर झाले होते. घरात एकटे. फेब्रुवारीत मी त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. अनिल आणि मी ठरवलं होतं की त्यांना आता इथंच ठेवायचं. पण त्यांना ते विचारायचं कसं, हेच मला सुधरत नव्हतं. ते दिवसभर बाल्कनीत बसायचे. जेव म्हटलं की जेवायचे. एकदा मी त्यांना खाडीवर नेऊन अब्रा नावाच्या होडीत बसवलं, तर पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ही कोणती नदी?" तेवढंच. मला वाटायचं, बाबा माझ्या घरात आहेत आणि नाहीतही.

त्या दिवसांत अनिलची साइट पार पश्चिमेला, रुवैसकडे होती. एका गुरुवारी सकाळी मी ठरवलं की गाडी काढायची आणि आपणच त्याच्याकडे जायचं. बाबा पुढं, मुक्ता मागं.

आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला शेजारी बसवून चालवणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी लेन बदलली की त्यांचा उजवा पाय मॅटवर ब्रेक दाबायचा. अबू धाबी मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना नुसती वाळू सुरू झाली, विजेचे खांब आणि मधूनच एखादा पेट्रोल पंप. रस्ता सरळ, कुठं संपतो दिसेना. हळूहळू त्यांचा पाय शांत झाला.

"वळणच नाही," ते म्हणाले. "ड्रायव्हरले झोप नाही येत इथं?"

"येते ना बाबा."

"मग काय करतात?"

होडीतल्या त्या एका प्रश्नानंतर इतक्या दिवसांत त्यांनी आपण होऊन काही विचारलं ते आत्ताच. मग प्रश्नच प्रश्न. ट्रेलरला किती टायर असतात, वाळू रस्त्यावर आली तर कोण लोटतं, ड्रायव्हर जेवतात कुठं. मला निम्म्यांची उत्तरं येत नव्हती. मिर्फ्याच्या फाट्यावर उजवीकडे निळी रेघ दिसली तेव्हा ते सीटवर सरळ बसले.

"माय, इथं विनंती थांबा आहे का?"

मी गाडी आत घेतली.

किनाऱ्यावर आमच्याखेरीज कोणी नव्हतं. लांब दोन लाकडी होड्या ओहोटीत कलून पडल्या होत्या. मी चटई अंथरली, थर्मास उघडला. बाबांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उभे राहिले. वाकून ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

"आजोबा, डोन्ट ड्रिंक इट!" मुक्ता ओरडली.

"पीत नाही, चाखून पाहतो," ते थुंकत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पलीकडं कोणतं गाव?"

"इराण. दिसत नाही, पण आहे."

"तिकून गाडी येते?"

"जहाज येतं."

त्यांनी मान हलवली आणि चालायला लागले. पाणी उथळ, संपतच नव्हतं. ते कितीतरी आत गेले, कमरेएवढ्या पाण्यात पोचले आणि अचानक आडवे झाले. मला त्यांचं डोकं दिसेना. माझ्या हातातला चहा सांडला. मुक्ताला जागेवरून हलू नकोस म्हणून बजावून मी सलवार-कमीज घालून होते तशीच पाण्यात धावले. "बाबा! बाबा!"

जवळ गेले तर ते पाठीवर तरंगत होते. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर, आई गेल्यापासून मी पाहिली नव्हती अशी स्वस्थता.

"विहिरीत हात हालवा लागते," ते डोळे न उघडता म्हणाले. "हे पाणी तर आपणच धरून ठेवते. तू पाहून घे."

"मला नाही येत."

"मान सोड. मी आहे खाली."

त्यांनी माझ्या पाठीखाली हात धरला. मोठी झाल्यापासून त्यांनी मला असं धरल्याचं आठवत नाही. कानात पाणी गेलं, वर नुसतं आभाळ. हात कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही. तशीच पडल्या पडल्या मी विचारून टाकलं, "बाबा, इथंच राहाल का आमच्याजवळ?"



"तू मले बसल्या जागी सारं देते," ते म्हणाले. "पण सकाळी उठून मी जाऊ कुठं, सांग बरं? तिकडं डेपोत चकरा मारतो, दहा जण हाक मारतात. ते सुटलं तर मी लवकर संपीन. मी येत जाईन ना. दर हिवाळ्यात येईन. तू मले रस्ते दाखव."

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं, कारण ते पहिल्यांदाच माझ्याशी मनातलं बोलले होते. किनाऱ्यावरून मुक्ता हाका मारत होती, "आई, कॅन आय कम टू?" बाबा तिला आणायला गेले. रुवैसला पोचायला आम्हाला चांगलाच उशीर झाला. अनिल कंटाळून म्हणाला, "मी तर इन्शाल्ला उद्यापर्यंत याल असं धरलं होतं."

बाबांनी शब्द पाळला. एका हिवाळ्यात आम्ही लिवाच्या वाळवंटात गेलो, एकदा फुजैराचे डोंगर ओलांडले. मग गुडघे धरले आणि येणं थांबलं. फोन मात्र चालू होते. काही वर्षांनी एका सकाळी मुंबईचं विमान पकडून मी घाईनं वाशिमला पोचले, तेव्हा ते गेलेले होते.

तेरावं झाल्यावर मी डेपोत गेले. तिथं आता माझं कोण आहे, असं मनाशी म्हणत. बाकावर तीन ड्रायव्हर बसले होते. बाबांचं, म्हणजे त्यांच्या दादांचं, नाव सांगितल्यावर तिघंही सरकले. एकानं चहा मागवला. मग त्यांच्यातला वयानं मोठा, वानखडे, संकोचून म्हणाला, "ताई, एक विचारू का? तिकडं वाळूचं वादळ आलं तर लाइट चालू ठेवतात का बंद? आमची पैज लागली होती. दादा म्हणाले होते, पोरगी आली की विचारू."

वाशिमला मी जुनं काय उरलंय ते बघायला जायचे. आपण गेल्यावर तिथलं आपलं सगळं थांबून राहतं, असं धरून चालायचे. आणि इथं हे तिघं मी कधी येते, त्याची वाट बघत होते.

"आधी गाडी रस्त्याच्या पार बाहेर घ्यायची," मी म्हणाले आणि बाकावर नीट मांडी घालून बसले.