निकुंभ मॅडम आणि दादांचा पाय

डॉ. शैलजा निकुंभ यांची माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात, सुरतेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. सुरतेच्याच उधना भागात कापडाचे लूम चालवणाऱ्या खानदेशी कामगाराची मी मुलगी. संशोधनासाठी जागा मागायला गेले होते.

"घरी कुणी शिकलेलं आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग अडेल ते इथेच विचारायचं. उद्यापासून या."

मॅडमचं काम पेशींच्या भोवतालच्या जागेवर होतं. तिथे प्रथिनांची जाळी असते आणि पेशींना वाढायला सांगणारे वाढघटक त्या जाळीत अडकून असतात. काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जाळी कापून त्यांना मोकळं करतात. तेव्हा निरोप पेशीपर्यंत पोचतो. पण हीच विकरं बेसुमार झाली की जाळीबरोबर निरोपाचाही फडशा पाडतात. चिघळलेली जखम भरत नाही त्याचं हे एक मोठं कारण. मॅडमनी ते फळ्यावर काढून दाखवलं, मी वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या वर्षी तेच माझ्या घरात आलं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मधुमेह होता. कारखान्यात तळव्यात खिळा शिरला. महिना उलटला तरी जखम मिटेना, करंगळी काळी पडली. सर्जन म्हणाले, "आठवड्यात सुधारलं नाही, तर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल." दादांनी माझा हात घट्ट धरला. "पोरी, मना पाय वाचाड व."

प्रयोगशाळेत विकरांना अडवणारं एक रसायन होतं. दुपारी मी त्याची बाटली पर्समध्ये टाकली. दाराशी मॅडम समोर आल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी हात पुढे केला. मी बाटली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"किती लावणार होतीस?" त्या पहिल्यांदाच एकेरीवर आल्या.

"माहीत नाही."

"मलाही नाही. सगळी विकरं थांबली तर नव्या पेशी जखमेत सरकणार कशा? आणि हे निर्जंतुकही नाही."

"मग मी नुसती बघत बसू?"

बाटली मुठीत धरून त्या म्हणाल्या, "मलाही भीती वाटते गं. पण माझ्या कामाची परीक्षा तुझ्या वडिलांच्या पायावर नाही घ्यायची."

त्याच संध्याकाळी त्या सर्जनना भेटल्या. मेलेलं मांस वरचेवर काढायचं, साखर आटोक्यात ठेवायची, पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं ठरलं. दादा ऐकणारे नव्हते. म्हणून मॅडम रोज काम संपवून उधन्याला येत आणि त्यांच्या खाटेपाशी बसून राहत. पट्टी सुटताना मी डोळे मिटून घेई. सातव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "उघड डोळे." जखमेच्या कडेला नव्या मांसाचे लालसर दाणे धरले होते. करंगळी गेली, पाय राहिला. तीन महिन्यांनी दादा पुन्हा कामावर गेले.

बाटलीची गोष्ट मॅडमनी आजवर कुणाला सांगितली नाही. आज त्यांना न विचारता मीच सांगते आहे.

मॅडमना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. हल्ली त्या जिना चढताना मध्येच थांबतात आणि सूचनाफलक वाचत असल्यासारखं दाखवतात. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना ते कळतं. मॅडम, तपासण्या टाळू नका, जेवणं वेळेवर घ्या. धडधाकट देहाने पुष्कळ वर्षं आमच्यात राहा. आम्हा सगळ्यांचे केस पांढरे झाले, पण तुमच्याशिवाय राहण्याचा धीर अजून कुणालाच आलेला नाही.