फितूरकाका

माझ्या मामाचं खरं नाव त्याच्या खात्यात फारसं कुणाला आठवत नसे. सगळे त्याला फितूरकाका म्हणायचे, आणि तेही तोंडावर, मायेनं. परक्याच्या कानावर ही हाक पडली की तो दचकायचा. मामा मात्र 'ओ' देऊन शांतपणे मागे वळायचा. सरकारी पगार घेऊन फितुरी करणारा तो आमच्या घराण्यातला पहिलाच माणूस.

त्याआधी तो नकाशांच्या खात्यात होता. मोठमोठे नकाशे उलगडायचे, मागेल त्याला दाखवायचे, पुन्हा गुंडाळून जागच्या जागी ठेवायचे. एखाद्या नदीवर बोट ठेवून उभा राहिला की ते बोट समुद्राला लागेपर्यंत त्याला हाक ऐकू यायची नाही. मामी म्हणायची, "ह्यांना बाजारात पाठवलं तर हे परत येतात, पिशवी तिकडेच राहते."

एक दिवस प्रशिक्षण केंद्राच्या बाई त्याच्या खात्यात आल्या. सरकारी माणसांना 'आतला धोका' शिकवणं हे त्यांचं काम. कुलपं, पहारेकरी, कॅमेरे हे सगळं बाहेरच्यासाठी. पण ज्याच्या गळ्यात आपलंच ओळखपत्र आहे, ज्याला आपण हसून दार उघडून देतो, त्यानंच घात करायचं ठरवलं तर? ते वेळेत ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर करायचं काय? सरावासाठी त्यांनी एक नट ठेवला होता. पण तो पायऱ्या चढतानाच असे डोळे बारीक करायचा की शिकायला आलेली मंडळी पहिल्या चहाच्या आत त्याला धरायची. बाईंना साधा माणूस हवा होता.

मामाकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "तुमचा चेहरा फार चांगला आहे. नजर हटली की विसरायला होतो."

मामानं घरी हे सांगितलं तेव्हा मामीनं विचारलं, "हे कौतुक झालं की अपमान?"

"तेवढं विचारायचं राहिलं," मामा म्हणाला.

सरावासाठी केंद्रात एक अख्खं खोटं कार्यालय उभारलेलं होतं. मामानं मला ते एकदा दाखवलं. टेबलं खरी, खुर्च्या खऱ्या, पंखा सुद्धा खरा आणि थोडा कुरकुरणारा. पण फोन उचलला की फक्त शेजारच्या खोलीत वाजायचा. भिंतीवरचं घड्याळ रंगवलेलं. खिडक्याही रंगवलेल्याच, त्यातून एक फिकट टेकडी आणि कधीच न हलणारे ढग दिसायचे. तिथं पाऊल टाकलं की बाहेर कुठला महिना चालू आहे याचा विसर पडायचा. मला तर वाटलं, आपण कुणाच्या तरी दुपारच्या झोपेत शिरलो आहोत आणि मोठ्यानं बोललो तर तो माणूस जागा होईल.

या खोलीत मामा फितूर व्हायचा. बंदर, वीज, पाणी, पारपत्र अशा वेगवेगळ्या खात्यांची माणसं यायची, खोटा दिवस खरा समजून काम करायची, आणि त्यांच्यातच मिसळून मामा कुणाच्या तरी पाठीमागून पासवर्ड बघायचा, दुसऱ्याच्या मागोमाग बंद दारातून आत शिरायचा, आपल्या कामाशी संबंध नसलेली कपाटं उघडायचा. मंडळींनी ते टिपायचं. मग बाई येऊन विचारायच्या, "पकडलात, छान. पण तो असा कधीपासून झाला, ते कुणाला दिसलं?"

मंडळी आपापली टिपणं चाळू लागायची.

"माणूस एका दिवसात फुटत नाही. आधी तडा जातो," बाई सांगायच्या. केंद्रात त्यांनी एक मदत कक्ष चालू केला होता. कुणाला स्वतःबद्दल किंवा शेजाऱ्याबद्दल काळजी वाटली तर तिथं यावं. तिथं सुरक्षेचा अधिकारी, एक डॉक्टर, एक कायदा जाणणारा आणि बाई असे एकत्र बसत, म्हणजे एकट्याच्या संशयावरून कुणाच्या माथी काही मारलं जाऊ नये. "कुणाची बोली, कुणाचा स्वभाव, कुणाचं वरिष्ठांशी भांडण, हे बघायचं नाही," त्या बजावायच्या. "वागण्यात काय बदललं ते बघा." लोक माना डोलवायचे. पण मजा यायची ती पकडापकडीतच. मदत कक्षाकडे सहसा कुणी फिरकत नसे.

प्रत्येक फितुरासाठी बाई मामाला एक आयुष्य तयार करून द्यायच्या. कुणाची बढती हुकलेली, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाला कार्यालयात कुणी जेवायला बोलावत नाही. मामा ही माणसं पोटात घालून घरी आणायचा. संध्याकाळी गॅलरीत बसून समोरच्या छपरांकडे बघत राहायचा. मामी आतून विचारायची, "आज कोण आहात?"

"बंदर खात्यातला. बढती हुकलेला."

"मग त्याला म्हणावं, तेवढे मटार सोल."

मामा मुकाट्यानं मटार सोलायचा, पण बढती हुकलेल्या माणसासारखा.

त्याला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं, मामीला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तो रंगवलेल्या खिडकीतून पलीकडे उतरतो. टेकडीवरचं गवत रंगाला चिकटावं तसं पायाला चिकटतं. वर त्यानं आजवर उभी केलेली सगळी माणसं गोल करून बसलेली असतात, सगळ्यांचे चेहरे त्याचेच. त्यांतला एक जण सरकून जागा देतो आणि विचारतो, "आपल्याशी कुणी बोललं का रे?" मामाला उत्तर द्यायचं असतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

मग पाणी खात्याची तुकडी आली. त्यात नियंत्रण कक्षातल्या एक ताई होत्या. शहराच्या कुठल्या भागात किती दाबानं पाणी जातंय ते पडद्यावर बघायचं आणि झडपा उघडबंद करायच्या, हे त्यांचं काम. सरावात सगळे मामाच्या मागावर असताना त्या रंगवलेल्या टेकडीकडे बघत बसून राहिल्या. त्यांच्या चहावर साय धरली. काही आठवड्यांनी उजळणीसाठी तीच तुकडी परत आली, तेव्हा चहाच्या सुट्टीत त्या मामाशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, एक विचारू? बाहेरच्या माणसाला आत नुसतं फिरवून आणलं, द्यायचं-घ्यायचं काहीच नाही, तर तेही यात येतं का?"

"येतं," मामा म्हणाला. "का?"

"काही नाही हो. माझी एक मैत्रीण आहे, तिच्यासाठी विचारलं." त्या हसल्या. मामा सांगतो, ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं ते स्वतः कितीदा तरी वापरलं होतं.

त्या दिवशी त्यानं ताट तसंच ठेवलं. मामीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. "बाईंना सांगितलं तर चहाडी होईल. नाही सांगितलं तर—"

"तर तुमच्या त्या माणसांत आणखी एकीची भर," मामी म्हणाली. "अहो, इतकी वर्षं तुमच्याशी कुणी बोललं नाही म्हणून उसासे टाकता. मग आता तुम्ही जाऊन बोला की."

दुसऱ्या दिवशी मामानं बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "जा. पण तुम्ही पोलीस नाही, उलटतपासणी करू नका. बसा, ऐका, आणि त्यांना आपण होऊन इथं यायला सांगा. नाही आल्या तर मला तसं कळवा. आणि हे त्यांच्यापासून लपवू नका."

पाणी खात्याच्या आवारात गाळ बसण्याचे मोठे गोल हौद आहेत. वरचं पाणी इतकं हळू फिरतं की फिरतंय असं वाटतच नाही. थोडा वेळ बघत राहिलं की हौद स्थिर आणि आपणच फिरतोय असं वाटू लागतं. त्या काठच्या बाकावर ताई डबा न उघडता बसल्या होत्या. मामा शेजारी बसला.

"आज कुठली भूमिका, काका?" त्यांनी विचारलं.

"कुठलीच नाही. आज मीच आलोय. तुम्ही बऱ्या आहात ना?"

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग सांगू लागल्या. शहराच्या उंचावरच्या वस्तीत नळ कोरडे पडायचे. झडपांच्या वेळा फिरवून तिथं पाणी चढवायची युक्ती त्यांनी शोधली होती. सत्कार झाला तेव्हा टाळ्या पडल्या त्या ताईंच्या साहेबांसाठी, व्यासपीठावर साहेबच गेले. ताई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. नंतर चित्रकलेच्या वर्गात एक गृहस्थ भेटले. "तुम्ही नेमकं काय करता?" असं त्यांनी विचारलं, आणि ताईंना उत्तर पुरं करू दिलं.

"एवढंच, काका. मी बोलले आणि त्यांनी ऐकलं. पाणी डोंगरावर कसं चढवतात ते मी रंगांच्या डब्या मांडून दाखवलं. मग ते आमच्या पाळ्या कधी बदलतात ते विचारायला लागले. मी सांगितलं. आता म्हणतात, रविवारी कक्ष दाखवा, तुमची जागा बघायचीय. मी हो म्हटलंय."

"कोण आहेत ते?"

"माहीत नाही. मला कळत होतं, काका. पण मी स्वतःपुढेही कळत नसल्याचं सोंग घेत होते."

मामा म्हणाला, "चला, आपण दोघं मदत कक्षात जाऊ."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल की राहील, मला ठाऊक नाही. खोटा दिलासा देणार नाही. खोटं बोलायचा मला पगार मिळतो, पण तो त्या खोलीत." मग त्याला जड गेलं तरी तो म्हणाला, "आणि तुम्ही नाही आलात तर मला बाईंना तसं सांगावं लागेल. हे तुमच्या पाठीमागे करायचं नव्हतं, म्हणून तोंडावर सांगतोय."

ताईंच्या डोळ्यांत राग चमकून गेला. मामाला वाटलं, संपलं. पण त्यांनी न उघडलेला डबा पिशवीत टाकला, पदर सारखा केला आणि उठून उभ्या राहिल्या. केंद्राच्या दारात ताईंचे पाय अडखळले, तेव्हा मामा आधी आत शिरला आणि दार धरून उभा राहिला.

मदत कक्षात सुरक्षेचे अधिकारी पहिल्यांदा ताडकन उखडले. "पाळ्यांच्या वेळा सांगितल्या? शुद्धीवर होतात का तुम्ही?" डॉक्टरांनी पाण्याचा पेला ताईंपुढे सरकवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या चालत आल्यात साहेब, आपण धरून आणलेल्या नाहीत." मग अधिकाऱ्यांचाही आवाज खाली आला.

रविवारी ते गृहस्थ ठरल्याप्रमाणे आले, खोटं ओळखपत्र खिशात घालून. दारात ताई नव्हत्या, सुरक्षेची माणसं होती. ते कुणासाठी काम करत होते, हे आम्हाला कधी सांगितलं गेलं नाही आणि मामानंही विचारलं नाही. पाळ्यांच्या वेळा बदलल्या, कुलपं बदलली. ताईंची चौकशी झाली, ठपका बसला, नियंत्रण कक्षात जायची मनाई झाली. त्यांना पाण्याच्या मीटरच्या दुरुस्तीला बसवलं. नोकरी मात्र राहिली. बाईंनी अहवालात युक्तीची गोष्टही हट्टानं घातली. ताईंच्या साहेबांचा सत्कार काही मागे घेतला गेला नाही, पण पुढच्या बैठकीत ती युक्ती कुणाची हे त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. तिथं होते ते सांगतात, साहेबांना तेव्हा फार खोकला आला.

मामाचं मन मात्र त्यानंतर सरावात लागेना. एकदा तो कुणाच्या तरी टेबलाशी वाकून उभा होता, ठरल्याप्रमाणे कपाटाची किल्ली उचलणार, इतक्यात पारपत्र खात्यातल्या एका जाडजूड टंकलेखक बाईंनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "काका, सकाळपासून बघतेय, तुमचा चेहरा उतरलाय. बसा जरा. घरी सगळं ठीक ना?"

याचं उत्तर कुठं लिहिलेलंच नव्हतं. मामा बसला आणि त्याला रडू कोसळलं. खरंखुरं, नाक वाहणारं रडू. मंडळी घाबरली. टंकलेखक बाई बाकीच्यांना म्हणाल्या, "बघताय काय, पाणी आणा!" कोपऱ्यात उभ्या प्रशिक्षणाच्या बाईंनी सराव थांबवला नाही. पंखा कुरकुरत राहिला. मामा सांगतो, कितीतरी वर्षांनी त्या खोलीत आपण एकटे नाही असं त्याला वाटलं.

बाईंनी पुढच्या तुकडीपासून सराव बदलला. आता पकडणाऱ्यापेक्षा आधी विचारणाऱ्याला शाबासकी मिळते. मामानं निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलं. ते स्वप्न त्याला पडायचं थांबलं का, असं मी विचारलं तर म्हणाला, "पडतं अजून. पण आता तिथं बोलणी चालू असतात. इतकी, की मला झोप लागत नाही."

ताईंना दीडेक वर्षानं नियंत्रण कक्षात परत घेतलं. आता त्या कक्षात एकट्यानं काही करता येत नाही, दोघांनी मिळूनच झडप हलवायची असा नियम झालाय, आणि तो नियम सुचवला ताईंनीच. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी मामाकडे फोन केला. मी तिथंच होते.

"काका, तुमच्या भागाची वेळ झाली. आत्ताच सोडलंय बघा."

मामा फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं नळ फिरवला. आधी नुसती हवा फुसफुसली. मग नळ थरथरला, आणि धार लागली.

"आलं का?" ताईंनी विचारलं.

"आलं," मामा म्हणाला.

दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना. शेवटी मामी म्हणाली, "अहो, निदान खाली बादली तरी लावा," आणि मामानं बादली लावली.