साळवेदादांचे तीन प्रश्न

परदेशातल्या वुडलँड्स वसाहतीत अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळी आठनंतर एकच माणूस उरायचा. जावई नरेश सातलाच बाहेर पडायचा, मुलगी दीप्ती तिच्या लॅबला जायची, आणि नात गार्गी शाळेच्या बसमधून हात हलवून गेली की संध्याकाळपर्यंत विश्वास साळवे यांच्याशी बोलायला घरात फ्रीजच काय तो असायचा. दादा एकाहत्तर वर्षांचे. बायको सरिता गेली, तेव्हा गावी एकटे राहायला नकोत म्हणून मुलीने त्यांना इथे आणलं. त्याला तीन वर्षं झाली होती.

एक काळ असा होता, की हा माणूस येतोय म्हटल्यावर खडीच्या खाणीचे मालक फाटकं लावून घ्यायचे. त्याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दादा नऊ वर्षांचे असताना बाप सुरुंगात गेला. बापाने घेतलेली उचल फिटायची होती, म्हणून मुकादमाने पोराला त्याच्या जागी खडीच्या ढिगावर बसवलं. पुढची पंधरा वर्षं त्या पोराला नाव नव्हतं. लंगड्या, काळ्या, साळव्याचं पोरगं, मुकादमाच्या तोंडात येईल ते. वेठबिगारी बंद झाल्याचा कायदा दिल्लीत झाला, आणि खाणीपर्यंत पोहोचायला त्याला दोन वर्षं लागली. तोही कळला भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरून. दादांना वाचता येत होतं, कारण दुसरीपर्यंत आईने शाळा सोडू दिली नव्हती. त्यांनी तो तुकडा शेजारी खडी फोडणाऱ्या सुरेशला वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, दोघं पुढच्या फाटकातून चालू लागले.

फाटकात दादा थांबले. का थांबले ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. मोठ्याने म्हणाले, "विश्वास केरू साळवे." आणि मागून सुरेश म्हणाला, "ऐकलं."

पुढे तो रिवाजच पडला. तीस वर्षं दादा सायकलवरून खाणी आणि वीटभट्ट्या पालथ्या घालत राहिले. भाषण करणं त्यांच्या बापजन्मी जमलं नाही. भाकरीच्या वेळेला जाऊन मजुरांत बसायचे आणि तीनच प्रश्न विचारायचे. बाजाराला एकट्याने जाता येतं का? तुझे कागद कोणाकडे असतात? घरचं कोणी गेलं तर जाता येतं का? तिन्हींचं उत्तर वाईट आलं, की दादा तहसील कचेरीच्या दारात बसायचे ते सुटकेचा कागद हातात पडेपर्यंत. मालकांचं ठरलेलं उत्तर असे, 'कागद त्यांच्या भल्यासाठीच ठेवलेत, हरवतील.' अशी एकशे बारा कुटुंबं बाहेर पडली. प्रत्येकाने फाटकात थांबून आपलं पूर्ण नाव घेतलं, आणि "ऐकलं" म्हणायचं काम सुरेशचं. सायकलच्या कॅरिअरवर बसलेल्या छोट्या दीप्तीने हे किती वेळा पाहिलं असेल, त्याला गणती नाही.

इथे हे कोणाला सांगणार? मागे गार्गीला शाळेत प्रोजेक्ट होता, दूरदेशीच्या एका गुलामावर, जो स्वतः सुटला आणि मग इतरांना सोडवत राहिला. दादा हरखून म्हणाले, "मी पण तेच केलं गं."

गार्गीने लॅपटॉपवरून मान वर केली आणि इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आजोबा, यू वेअर नॉट अ स्लेव्ह, लाह. यू आर आजोबा." आणि प्रेमाने त्यांच्या गालाला गाल लावला. दादांना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

रविवारचा फोन तेवढा आपला होता. गावी सुरेश अंथरुणाला खिळलेला. फोन लागला की दादा म्हणायचे, "विश्वास केरू साळवे," आणि तिकडून खोकत उत्तर यायचं, "ऐकलं." मग पावसापाण्याचं. जुलैपासून सुरेश म्हणत होता, "एकदा येऊन जा." दादांनी दीप्तीला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "डिसेंबरात सगळेच जाऊ, बाबा. तुमच्या हार्टच्या टेस्ट आहेत." आणि आता दोन रविवार तिकडे कोणी फोनच उचलत नव्हतं. दादांचा जीव टांगणीला लागला होता.

त्या शुक्रवारी दुपारी ते ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, बसले होते. शेजारच्या चिनी आजींची व्हीलचेअर ढकलत त्यांची मदतनीस आली. दार्जिलिंगकडची अरुणा. बाई परक्या देशात परक्याच्या घरात राबते, हे बघून दादांची जुनी खोड जागी झाली. त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत तीन प्रश्न विचारलेच.

अरुणा हसली. "संडे को छुट्टी है ना, अंकल. अकेली घूमती हूँ, ईस्ट कोस्ट तक." पर्स उघडून तिने पासपोर्ट दाखवला. "ये मेरे पास ही रहता है." मग जरा थांबून म्हणाली, "पिछले साल माँ गयी. मॅडम ने उसी दिन टिकट निकाला." दादा खूश झाले. पण तिने आपलं सहज विचारलं, "और आप, अंकल?"

दादांना तोंडात मारल्यासारखं झालं.

बाजारात एकट्याने? वर्षापूर्वी ते हवा खायला म्हणून बसमध्ये बसले, ती बस सीमेपलीकडे जोहोरला जाणारी निघाली. चेकपॉइंटवर खिशात पासपोर्ट नाही. तिथल्या अधिकाऱ्याने भल्या माणसासारखा दीप्तीला फोन लावला. त्या दिवसापासून ब्लॉकच्या पलीकडे एकटं जायचं नाही, असं ठरलं होतं. पासपोर्ट दीप्तीच्या कपाटात, कुलपात. तिसऱ्या प्रश्नाशी दादा अडखळले, आणि लिफ्टकडे वळले.

संध्याकाळी सातला दीप्ती आली. दादा हॉलमध्ये ताठ बसून होते.

"माझा पासपोर्ट कुठंय?"

"कपाटात आहे, बाबा. तुमच्या भल्यासाठीच..." दीप्ती बोलता बोलता थांबली. हे वाक्य तिने लहानपणी कोणाकोणाच्या तोंडून ऐकलं होतं, ते तिला आठवलं असावं. तिचा चेहरा उतरला.

दादा चिडले नव्हते. चिडले असते तर बरं, असं दीप्तीला वाटलं. त्यांनी खाणीवर विचारायचे तसं, शांतपणे विचारलं, "घरचं कोणी गेलं तर जाता येतं का?"

दीप्ती उठून आत गेली. कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने पासपोर्ट बापाच्या हातात ठेवला आणि त्यांच्या पायाशी खाली बसली.

"सुरेशकाका गेले, बाबा. दोन आठवडे दवाखान्यात होते, मंगळवारी फोन आला. काल नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तुमची टेस्ट होती म्हणून... आज सांगणारच होते." ती रडायला लागली. "मी तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं."

एकशे बारा घरं सोडवली, पण ज्याला भेटायला जायचं होतं तो राहिला नाही, आणि आपण अकराव्या मजल्यावर फ्रीजचा आवाज ऐकत बसलो, याचं दादांना फार दुःख झालं. मग त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधी आहे?"

"रविवारी."

"उद्याचं तिकीट काढ."

तिने डॉक्टरांना विचारून तिकीट काढलं. परतीचं कधीचं काढू, असंही विचारलं. "तिथं गेल्यावर मी सांगेन," दादा म्हणाले.

शनिवारी सकाळी विमानतळावर आत जायच्या दारापाशी मशीन होतं. पासपोर्ट ठेवायचा, दार आपोआप उघडतं, नाव कोणी विचारत नाही. दादा दारात थांबले. मागे रांग होती, लोक ताटकळले. दादा खणखणीत आवाजात म्हणाले, "विश्वास केरू साळवे."

आणि तसेच उभे राहिले. या नावामागून इतकी वर्षं जो आवाज यायचा तो आता यायचा नव्हता, हे त्यांना कळत होतं. पण पाय उचलेना.

रांगेच्या मागे, कठड्यापाशी, गार्गीचा हात धरून दीप्ती उभी होती. लोक वळून बघत होते.

"ऐकलं, बाबा," ती तिथून मोठ्याने म्हणाली.

दादांनी पासपोर्ट मशीनवर ठेवला आणि ते आत गेले.