एकतीस इंचांचा ओटा

आमच्या गल्लीत मास्तर म्हटलं की कोपऱ्यावरचा शिंपी. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी, पण मला सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून तो मान त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी तो नीट सांभाळला. गळ्यात मोजपट्टी, कानामागे खडू, आणि समोर कुणीही आलं तरी नजर आधी खांद्यांवर. "बाई, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. पिशवी दुसऱ्या हातात घेत जा," असं मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. घरच्यांच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.

त्यांच्या दुकानाचा एक कडक नियम होता. अर्धवट शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. कुणी कितीही गळ घातली तरी उत्तर एकच, "टाचलेलं पाहिलं की माणूस घाबरतं. तयार झालं की बघा."

हा नियम त्यांनी घरालाही लावला. पलीकडच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं जुनंच घर त्यांनी विकत घेतलं. सव्वीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर स्वतःचं घर! त्यांच्या बायकोने, म्हणजे मास्तरीणबाईंनी, ते घेताना एकदा पाहिलं. त्यानंतर महिनाभर मास्तरांनी त्यांना जिनासुद्धा चढू दिला नाही. डागडुजी, रंग, फरशी, ओटा, सगळं होऊन घर तयार झालं की मगच दाखवणार.

"अहो, ते काय पोलकं आहे का? घर आहे माझं!" मास्तरीणबाई कावल्या.

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंनी घर घेताना एकच अट घातली होती. त्यांची उंची जेमतेम साडेचार फूट. भाड्याच्या खोलीतला ओटा कुण्या उंच माणसाने स्वतःसाठी बांधलेला, त्यांच्या छातीला लागायचा. त्यामुळे इतकी वर्षं त्या एका लाकडी तिवईवर उभ्या राहून स्वयंपाक करत आल्या. मीठ हवं की खाली उतर, पुन्हा वर चढ. तीन वर्षांपूर्वी पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. ते जुळलं, पण पीठ मळताना वरून जोर देता आला तरच दुखत नाही. म्हणून त्या म्हणाल्या होत्या, "रंग कसलाही द्या, फरशी कसलीही घाला. पण मला दोन्ही पाय जमिनीवर ठेवून रांधता आलं पाहिजे."

मास्तरांनी आधीच्या मालकाचा ओटा फोडायला लावला आणि नवा बांधायचा ठरवला. देखरेखीला मला नेमलं. "बाई, तुम्ही इतकी वर्षं पोरांवर लक्ष ठेवलंत. एका गवंड्यावर ठेवायला काय हरकत आहे?" मला तरी दुसरं काय काम होतं! रोज सकाळी किल्ली घेऊन मी नव्या घरात जायची, दुपारी परत यायची. वाटेत मास्तरीणबाई मला खिडकीतूनच हाक मारायच्या.

"बाई, रंग कोणता?"

"मला बंदी आहे."

"अहो, नुसतं गरम की गार, एवढं तरी सांगा!"

"गार."

त्या एवढ्यावर खूश. दुसऱ्या दिवशी खिडकीतूनच विचारलं, "आकाशासारखा गार की पाण्यासारखा?" मी हसत पुढे गेले. त्या वयात, गुडघे दुखत असताना, ती बाई खिडकीत चवड्यांवर उभी राहून रस्त्याचं टोक बघायची. तिकडून नव्या घराच्या गॅलरीचा फक्त एक कोपरा दिसत होता.

ओट्याचं माप घ्यायचं त्या दिवशी मास्तर एखाद्या लग्नाच्या कोटाचं माप घ्यावं तसे गंभीर होते. बायकोला भिंतीशी उभं केलं, कोपरापासून जमिनीपर्यंत पट्टी धरली, त्यातून मळायला लागतं तेवढं वजा केलं, आणि दुकानात जाऊन चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी गवंड्याला मीच वाचून दाखवली. "ओटा, एकतीस इंच. फरशीपासून." आकडा ठसठशीत होता, शंका घ्यायला जागाच नव्हती. गवंड्याने पुढे बसायच्या फरशीची जाडी धरून तीन दिवसांत ओटा उभा केला. वर काळा गुळगुळीत दगड, कडा गोल, भांडी घासायचं सिंक आणि नळ जागच्या जागी. मला इतका आवडला की मी त्यावर हात फिरवत उभी राहिले.

संध्याकाळी मास्तर दुकान बंद करून आले. "वा! वा!" करत ओट्याजवळ गेले, अगदी चिकटून उभे राहिले, आणि मान वाकवून खाली बघू लागले.

"काय झालं?" गवंडी म्हणाला. "दगड आवडला नाही?"

मास्तरांनी आपल्या शर्टाच्या शेवटच्या बटणावर बोट ठेवलं. "फरशीची जाडी धरली तरी दगडाची कड ह्याच्या खाली यायला हवी. आली वर."

"चिठ्ठीत एकतीस होतं मास्तर. बाईंनी वाचलं."

"एकतीसच होतं," मी म्हणाले.

मास्तरांनी चिठ्ठी मागून घेतली आणि मटकन सिमेंटच्या पोत्यावर बसले. मग हळूच म्हणाले, "तिचं माप एकोणतीस आहे."

चाळीस वर्षांची सवय. शिवताना आत थोडं कापड राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस उद्या जाड झालं तर उसवून सैल करता यावं. मास्तर कुठलंही माप लिहिताना दोन इंच जास्त लिहायचे. डोक्याला विचारायच्या आधी हातच लिहून मोकळा व्हायचा.

"कापड असतं तर आत घेतलं असतं हो!" ते दगडाकडे बघत म्हणाले.

गवंडी भला माणूस, पण तोंडाचा फटकळ. "दोन इंचांनी काय आभाळ कोसळतंय? वहिनींना एक फळी टाकून द्या पायाखाली."

"फळी?" मास्तर उभेच राहिले. "म्हणजे पुन्हा तिवईच की! तिने एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे. सव्वीस वर्षांत एकच!"

दगड काढायचा तर फुटणार, सिंकही निघणार. रविवारी मास्तरीणबाई येणार होत्या, आणि आज सोमवार. मास्तर स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागले. त्यांच्या चपलांखाली वाळू करकरत होती, कारण स्वयंपाकघराच्या फरश्या अजून आल्या नव्हत्या. दोन फेऱ्या झाल्यावर ते मधेच थांबले आणि पायांकडे बघायला लागले.

"बाई, बाही लांब झाली आणि ती कापता येत नसेल, तर काय करतात?"

"मला काय ठाऊक!"

"खांदा वर उचलतात!" ते जवळजवळ ओरडलेच. "गवंडीभाऊ, जमीन वर उचला! भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन इंच. फळी नको, पट्टी नको, सगळी जमीनच!"

गवंड्याने डोकं खाजवलं. "भराव घालता येईल. उतार मोरीकडे काढतो, पाणी बाहेरच्या खोलीत यायचं नाही. पण दारात पायरी येईल."

"येऊ दे! दाराला पडदाच आहे, तो मी दोन इंच दुमडतो. निदान ते तरी माझं काम आहे."

त्या आठवड्यात मास्तरांनी दुकान अर्धा दिवसच उघडलं. स्वतः भराव घातला, घमेली उचलली. केस सिमेंटने पांढरे झाले तेव्हा मास्तरीणबाईंनी मला विचारलं, "हे एकदम म्हातारे कसे दिसायला लागले?" मी म्हटलं, "घर बांधणारा माणूस म्हाताराच होतो." फरश्या गुरुवारी आल्या, शुक्रवारी बसल्या. शनिवारी भिंतीला शेवटचा हात, पाण्यासारखा गार हिरवा.

रविवारी सकाळी मास्तरीणबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. खांद्याला एक मोठी कापडी पिशवी. मास्तरांनी घ्यायला हात पुढे केला तर दिली नाही. "असू दे माझ्याकडे. तुम्ही दार उघडा."

त्या खोल्यांतून लहान मुलीसारख्या फिरल्या. खिडकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. भिंतीला गाल लावला. "पाण्यासारखा! बाई, मी म्हटलं नव्हतं?" गॅलरीत जाऊन स्वतःच्या जुन्या खिडकीकडे बघून हात हलवला, जणू तिथे अजून त्याच उभ्या होत्या. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्या थांबल्या. मास्तर माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

त्यांनी चपला काढल्या, पायरी चढल्या, ओट्याशी गेल्या. दोन्ही तळवे दगडावर टेकवले. मळल्यासारखा जोर दिला, एकदा, दोनदा. मोडकं मनगट फिरवून पाहिलं.

"दुखत नाही," त्या म्हणाल्या. मग वळून, संशयाने, "पण हा एकतीसचा ओटा आहे ना?"

मास्तर थिजले. "तुला कसं कळलं?"

"काल तुमचा शर्ट धुवायला घेतला. खिशात चिठ्ठी. मी भिंतीवर मोजून पाहिलं, दोन इंच वर. म्हटलं, झालं, सवयीने वाढवलंत." त्यांनी पिशवी खाली ठेवली, वरची चादर बाजूला केली आणि आतून ती जुनी तिवई काढली. "तुम्ही एवढे हुरळून गेला होतात. म्हटलं, काही बोलायचं नाही. हसत हसत वर चढायचं आणि रांधायला लागायचं."

गवंडी हिशेबातलं किरकोळ काम उरकायला आला होता. त्याच्याने राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं, पोत्यावर मटकन बसण्यापासून घमेल्यापर्यंत. मास्तरीणबाई ऐकत ऐकत पायाखालच्या जमिनीकडे बघत राहिल्या. मग दाराशी गेल्या, पायरी उतरल्या, पुन्हा चढल्या, आणि पोट धरून हसायला लागल्या.

"अहो, बायकोला वर घ्यायचं सोडून अख्खी जमीनच वर घेतलीत!"

"सोपं होतं ते," मास्तर पुटपुटले. त्यांचे डोळे ओले होते आणि कान लाल.

नव्या शेगडीवर पहिला चहा ठेवला गेला. खुर्च्या अजून आल्या नव्हत्या. मास्तरीणबाईंनी तिवई पायाने सरकवून नवऱ्यापुढे केली. "बसा. इतकी वर्षं मी उभी राहिले हिच्यावर."

मास्तर बसले. बसल्यावर त्यांची नजर बरोबर दाराच्या पडद्याच्या दुमडीपाशी आली. ते वाकले, डोळे बारीक केले, हात कानामागच्या खडूकडे गेला.

"अगं, ही शिवण डावीकडे पाव इंच..."

"उठायचं नाही," मास्तरीणबाई चहा गाळत म्हणाल्या.