पोलीस ठाण्याचे छत्री कारागीर

बसा, चहा उकळतो आहे तोवर माझ्या शहाणपणाचा एक नमुना ऐकून घ्या. एकच विनंती, मधे बोलू नका. मी फार सावकाश बोलतो, आणि माझं हे सावकाश बोलणंच सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

गोंदियाच्या बाजारात फूटपाथवर बसून मी चाळीस वर्षं छत्र्या दुरुस्त करतो. मागच्या वर्षी शहरात कोणी मोठे मंत्री येणार होते. त्या सकाळी एका छत्रीचं काळं कापड धुतलं, काठीला बांधलं आणि काठी खांद्यावर टाकून निघालो. चालता चालता वाळेल, एवढाच विचार! चौकात पोलिसांची गाडी थांबली.

"ओ बाबा, ये काला कपडा काहे का?"

"साहेब, छत्री…"

"चलो, बैठो अंदर!"

मला पुढे सांगायचं होतं की हे छत्रीचं कापड आहे, मी दुरुस्तीवाला आहे. ते वाक्य पूर्ण होईपर्यंत गाडी ठाण्यात पोचलीसुद्धा! गाडीत आठ पोरं काळे झेंडे घेऊन घोषणा देत होती. मला वाटलं, यांचंही ठाण्यात काहीतरी काम असेल.

आणि ठाण्यात पाहतो तर काय? कोपऱ्यात तीन मोडक्या छत्र्या! म्हटलं, बरोबर, यासाठीच आणलं आपल्याला. पिशवीतून पक्कड आणि तार काढली आणि मांडी घालून बसलो. हवालदार आधी चकित झाला, मग आतून आणखी दोन घेऊन आला. अर्धा कप चहा पाजला. संध्याकाळी एका मोठ्या रजिस्टरवर सही घेतली. मी दुसरी शिकलेला. सही येते, वाचायला वेळ लागतो. कामाची पावती असेल म्हणून केली. मजुरी? सरकारी बिल निघायला वेळ लागतो, हे कोणाला ठाऊक नाही?

मग मी काय केलं असेल? पाटी रंगवून घेतली! पिवळ्यावर लाल अक्षरं, 'पोलीस ठाण्याचे छत्री कारागीर'. गिऱ्हाईक वाढलं हो! शेजारचा चप्पलवाला आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आता माझी मुलगी निर्मला. शिलाई मशीन चालवते, बारावी पास आहे. मोठा माणूस शहरात आला की आमच्या मोहल्ल्यातली पोरं उचलली जातात, हे तिला खटकत होतं. तिनं चार बायकांना घेऊन माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. ठाण्यानं वर्षभरात कोणाला अटक केली आणि त्यांच्या नावावर काय खर्च केला, ते लेखी द्या! अर्ज तीनदा परत आला, तिनं चौथ्यांदा टाकला. कागद मिळाले, तेव्हा तिनं समाजमंदिरात सभा बोलावली. ठाण्याचे मोठे साहेबही आले.

निर्मला उभी राहिली. "मंत्री आले त्या दिवशी नऊ जणांले अटक. प्रत्येकाच्या नावावर चहा, नाश्ता अन् दोन टाइमचं जेवण लावलं आहे. ज्याले ते भेटलं नसंल, त्यानं उभं राहून सांगा. कोणीच नाही बोललं तं हा कागद फुकट आहे."

तिनं नावं वाचली. ती आठही पोरं समोर बसलेली, पण सगळ्यांची नजर जमिनीवर. बोललं तर पुढच्या वेळी पुन्हा पहिला नंबर आपला, ही भीती!

मी मागून मोजत होतो. "माय, आठच झाले! नववा कोण?"

"राहू द्या न बाबा."

"राहू कायले द्यायचं? बाप असो का कोणी, नाव वाच! लपून काऊन बसला म्हणा तो?"

निर्मलानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते तिचे. "बाबा… नववे तुमीच आहा."

सभा अशी हसली की छताचे पत्रे हलले! पावती समजून मी सही केली ती अटकेच्या रजिस्टरवर होती. वर्षभर मी स्वतःच्या अटकेची जाहिरात करत होतो, तीही रंगीत!

पण माझी पोर तिथं एकटी उभी होती. मी उठलो. "साहेब… जेवण… नाही भेटलं. अर्धा कप चहा."

हवालदार लगेच मोबाइल घेऊन पुढे आला. त्यात माझ्या पाटीचा फोटो! "साहेब, हा बुढा कामाले आला होता. पाहा, पाटीच लावली आहे त्यानं."

माझ्याच पाटीनं पोरीचं काम बिघडवलं!

निर्मला मात्र शांत. "कामाले आले होते, तं अटकेच्या यादीत कसे? अन् अटकेत होते, तं जेवण कुठं गेलं? दोनातलं एक सांगा न साहेब."

हवालदारानं मोबाइल खिशात घातला. मग समोरचा एक पोरगा उठला. "मलेबी नाही भेटलं." मग दुसरा. मग आठही. साहेबांनी प्रत्येकाचं लिहून घेतलं, चौकशी लावली आणि सांगितलं की यापुढे दर महिन्याला अटकेची यादी आणि खर्च ठाण्याबाहेर फळ्यावर लागेल. लागतो हो! येता-जाता मी एकेक अक्षर जुळवत तो फळा वाचतो. लोक म्हणतात, हा निर्मलाचा बाप. पाटी मी काढून टाकली. आता कशाला हवी?

परवा तोच हवालदार दुकानावर आला. हातात छत्री. मी आधी विचारून घेतलं, "साहेब, हे काम आहे… का अटक?"

"काम आहे बाबा, काम!" त्यानं समोरून अर्धा कप चहासुद्धा मागवला. छत्री दुरुस्त झाली. मी म्हणायला लागलो, "साहेब, मागच्या पाच छत्र्या… अन् ही सहावी… यांची मजुरी…"

वाक्य पूर्ण झालं, तेव्हा तो छत्री घेऊन चौक ओलांडून गेला होता.